तीन म्हणजे कोणतं तीन?

मंदामावशी गेल्याचा निरोप मला चहाच्या सुट्टीत मिळाला. शिफ्ट चालू असताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवावे लागतात, त्यामुळे नवऱ्याचा मेसेज येऊन बराच वेळ झाला होता. ‘मावशी गेली’, एवढाच. मी उभ्या उभ्या ‘कुठे?’ असं टाइप केलं. आदल्या दिवशीच त्यांना दवाखान्यातून घरी सोडायचं बोलणं चाललं होतं ना... पाठवायच्या आत अर्थ कळला आणि मी तिथल्याच बाकावर बसले.

मंदामावशी म्हणजे माझ्या नवऱ्याची मावशी. भोसरीच्या एका मराठी शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या आणि काकांबरोबर पिंपळे सौदागरला एका मोठ्या सोसायटीत राहणाऱ्या. काळजी हा त्यांचा पूर्णवेळ धंदा होता. कोणी त्यांच्याकडून निघालं की घरी पोचेपर्यंत दोनदा फोन. लिफ्ट थोडी थांबून सुटली तरी त्या जिन्यात येऊन उभ्या राहायच्या. घरातले सगळे त्यांना हसायचे, मीही हसायचे. पण चाकणच्या कंपनीत मी सुपरवायझर झाले आणि शिफ्टचा रिपोर्ट इंग्रजीत लिहायची पाळी आली, तेव्हा मात्र माझीच झोप उडाली. मी जिंतूरकडची, मराठी शाळेतली. मशीनचा आवाज बदलला तर मला लगेच कळतं, पण इंग्रजीत चार ओळींचा मेल म्हटलं की तळहाताला घाम. नवरा म्हणाला, “मावशीकडे जा. ती तुझ्याहून जास्त घाबरते, तुमचं जमेल.”

सुट्टीच्या दिवशी मी जायला लागले. मला वाटलं होतं, मावशी क्रियापदांच्या काळांपासून सुरुवात करतील, पण त्यांनी नाम धरलं. “क्रियापद चुकलं तर लोक हसतील,” त्या म्हणाल्या, “नाम चुकलं तर भलतंच काही करून बसतील.” मी लिहिलेल्या ओळीतल्या प्रत्येक नामावर बोट ठेवून त्या एकच विचारायच्या, कोणतं? मराठीत आपण ‘ट्रॉली आणा’ म्हणतो आणि समोरच्याला बघून कळतं. इंग्रजीत ती कुठलीही एक ट्रॉली आहे, की मघाशी बोललो तीच, हे आधी सांगायला लागतं, ‘अ’ की ‘द’. स्क्रॅपला एस लावायचा नाही, इक्विपमेंटलाही नाही, कितीही ढीग पडलेला असो. आमच्या कंपनीत तर साहेबसुद्धा ‘इक्विपमेंट्स’ लिहितात, असं मी सांगितलं, तर त्या कासावीस झाल्या. “अगं, मग त्यांना कोणी सांगत नाही?” जणू साहेब गच्चीच्या कठड्यावर उभे होते.

एका दुपारी अशाच आम्ही बसलो होतो. माझी सुट्टी होती, पण ऑर्डरची घाई असल्यामुळे लाइन चालू होती. वाचायचा सराव म्हणून मी त्यांना आमच्या ग्रुपवरचा ताजा मेसेज दाखवला. पहिल्या शिफ्टच्या इंजिनिअरने घरी जाता जाता टाकलेला. ‘गार्ड रिमूव्ह्ड फ्रॉम थ्री. विल कम टुमारो.’ मी अर्थ सांगितला, तीन नंबर गेटवरचा वॉचमन काढलाय, नवा उद्या येईल. खाली दोघातिघांनी ‘ठीक’ म्हणून अंगठ्याची खूण टाकली होती.

मावशींनी चष्मा वर केला. “गेट कुठं लिहिलंय?”

“नाही लिहिलं. पण कळतंय ना.”

“तीन म्हणजे कोणतं तीन? तुमच्याकडे आणखी काय काय तीन नंबरचं आहे?”

मी म्हटलं, लाइन आहे, प्रेस आहे... आणि ‘प्रेस’ म्हणताच मी मेसेज पुन्हा वाचला. पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या पुढे हात आत जाऊ नये म्हणून जाळी असते. तिलाही आम्ही गार्डच म्हणतो.

“फोन कर,” मावशी म्हणाल्या. “आत्ता.”

इंजिनिअरचा फोन बंद लागला. मग ऑफिसच्या फोनवर दुसऱ्या शिफ्टचे साळुंखे भाऊ सापडले, खालुंब्रेकडचे, बोलण्यात निवांत. “व्हय ताई, आत येतानाच वाचला की मेसेज. गेटवर दुसरा मानूस बसवलाय आमी.”

“भाऊ, प्रेस तीन चालू आहे का?”

“न्हाई, आता करतोय. नवी पोरगी दिलीय तिथं, बीडची.”

“करू नका. आधी जाळी बघा.”

त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवला. लांबून मशीनचा आवाज येत राहिला आणि आम्ही दोघी त्या आवाजाकडे कान लावून बसलो. मावशींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडीचा वळ उठला. साळुंखे परत आले तेव्हा त्यांचा निवांतपणा गेला होता. “जाळी न्हाई ताई. वेल्डिंगला नेलीया. बोर्ड बी लावला न्हाई कुनी. पोरगी हात घालूनच बसली व्हती... मेन स्विच पाडलाय मी.”

मावशींना हायसं वाटेल असं मला वाटलं. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला धरून रडल्या. त्यानंतर घरात मी कोणाला त्यांच्या काळजीवर हसू दिलं नाही.

गेल्या वर्षी त्यांचा खोकला थांबेना. पहिला रिपोर्ट मी आणि काका घेऊन आलो. डॉक्टरांनी काय सांगितलं ते न ऐकताच त्यांनी कागद मागून घेतला आणि आधी नामं शोधली. “‘अ नोड्यूल’ लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “अ आहे. म्हणजे गाठ एकच आहे.” काका मान हलवत राहिले. त्या एका अक्षरावर आम्ही तिघांनी काही महिने काढले. जगाची काळजी करणारी ही बाई स्वतःच्या आजारात मात्र आम्हालाच धीर देत होती, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

दुसरा रिपोर्ट आला तेव्हा कागद द्यायचं माझ्या जिवावर आलं होतं. त्यांनी वाचला, एका शब्दाच्या शेवटी बोट ठेवलं. नोड्यूल्स. मग म्हणाल्या, “एस आहे गं.” आणि थोड्या वेळाने, “काकांना आज सांगू नकोस. जेवायचे नाहीत.”

परवा काकांना भेटायला गेले. त्या सोसायटीत कोणीही आलं की गेटवरून फ्लॅटवाल्यांच्या मोबाइलवर विचारणा जाते. वॉचमनने नंबर टाकला आणि त्याच्या फोनवर मावशींचं नाव आलं. पूर्ण नाव, फोटोसकट, खाली ‘परवानगीची वाट पाहत आहोत’. काकांनी नाव बदललेलं नाही. मावशींचा फोन ते रोज चार्ज करतात, असं वॉचमनच म्हणाला. मी उन्हात उभी राहिले. परवानगी येईना. काका एकटे, बाथरूममध्ये पडले तर नसतील... दार आतून लावलेलं असेल... शेजारच्यांचा नंबर माझ्याकडे आहे का... मी पर्समध्ये फोन शोधत होते तेवढ्यात वॉचमन म्हणाला, “जा मॅडम. मंदाकिनी मॅडमनी हो म्हटलंय.”