न ओरडणारं पोट

रस्सा मिळमिळीत झाला की बाप ताट भिंतीवर भिरकावायचा आणि मग आईला बडवायचा. ऐंशी सालच्या आसपास मी नागपुरातच डॉक्टरकी शिकत होते. एकदा प्रयोगशाळेत आम्ही दोन बेशुद्ध उंदरांच्या पोटात आम्ल सोडलं. एकाच्या पोटातल्या मज्जातंतूंनी बोंब ठोकली, तिथे रक्त धावून आलं, पोट वाचलं. दुसऱ्याचे तंतू आम्ही आधीच मिरचीच्या जहाल अर्काने जाळून जाळून बधिर केले होते. रक्त आलंच नाही. पोट आतून सोलून निघालं.

त्याच संध्याकाळी बापाने आईच्या पाठीत वरवंटा घातला. तिने हूं की चूं केलं नाही. तोच वरवंटा उचलून ती मिरच्या वाटू लागली.

मी किंचाळले, "ओरडत काहून नाही वं माय? कोणीतरी धावून येईल!"

"आता दुखतच नाही वं मले," ती म्हणाली.