दहा मिनिटं पुढे

आमच्या विरारच्या बिल्डिंगमधल्या सुनंदाताई पतपेढीत कारकून. गच्चीवर स्टँड लावून मुद्दाम धूसर फोटो काढणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

"अगं, फोकस नीट केला की ताऱ्याचा ठिपका पांढराफटक होतो. मग तेज मोजणार कशातून?" त्या समजावायच्या. "थोडा पसरू द्यायचा, मग शेजारच्या न बदलणाऱ्या ताऱ्याशी ताडून बघायचा." त्यांचा तारा दर तीनेक दिवसांनी मंदावायचा. नेमका किती वाजता आणि किती, हे त्यांनी चार हिवाळे मोजलं. ते एकदा स्वतःच्या नावानं छापून यावं, एवढीच त्यांची हौस.

हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळातला कल्पेश त्यांच्याकडून राखी बांधून घ्यायचा. भाऊबीजेलाही पहिल्या पाटावर. "ताई, कॅमेऱ्यातलं कार्ड द्या, कॉम्प्युटरवर आकडे काढून तुमच्या नावानं पाठवतो," म्हणाला. ताईंनी दिलं. आणि मेल्यानं पाठवलं स्वतःच्या नावानं! मंडळाच्या अंकात त्याचा हसरा फोटो, फोकस अगदी नीट.

मी तर त्याच्या घरी जाऊन तमाशा करणार होते. ताई म्हणाल्या, "थांब. त्याला दहा मिनिटं माहीत नाहीत."

त्याचं असं, की गाडी चुकू नये म्हणून इथे घरोघरी घड्याळ दहा मिनिटं पुढे. ताईंनी कॅमेऱ्याची वेळही भिंतीवरच्या घड्याळावरून लावलेली. वहीत उतरवताना त्या दहा मिनिटं वजा करायच्या. कल्पेशकडे कार्ड होतं, वही नव्हती. म्हणजे छापलेली प्रत्येक वेळ चुकीची! चोर आयताच सापडला. आम्ही वहीची पानं मंडळाला पाठवली.

आठवड्यानं उत्तर आलं: "दुरुस्तीबद्दल आभार. 'वेळा लिहून ठेवायला माझी ताई असते,' असं कल्पेश यांनी आम्हाला आधीच कळवलं होतं. त्यांच्या अहवालातल्या वेळा पुढच्या अंकात सुधारून छापू."

म्हणजे मोजणारा तो, आणि ताई नुसत्या त्याच्या वेळा टिपणाऱ्या! माझा नुसता तिळपापड झाला. ताईंनी पत्र दोनदा वाचलं आणि डोळ्यांना पदर लावला. चार वर्षांत त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"नाव गेलं ते गेलं गं," त्या म्हणाल्या, "पण चोरी करतानाही तो मला ताईच म्हणाला."