अभ्यासिकेच्या सर्व्हरचा धनी

हदगावच्या आमच्या अभ्यासिकेतला सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातला एक जुना कॉम्प्युटर. शिकवणीचे व्हिडिओ, जुन्या प्रश्नपत्रिका सगळं त्याच्यात. गावात नेट धड चालत न्हाई, पण अभ्यासिकेत बसलं की पोरींना मोबाइलवर सगळं दिसायचं. ही सोय धम्मदीपनं केली. दिवसा तो कापसाच्या जिनिंगवर वजनकाटा सांभाळतो, संध्याकाळी इथं फुकट राबतो. माणूस सोन्यासारखा, पण एक खोड. मदत करील, शिकवणार न्हाई.

कॉम्प्युटर चालवायला कोणती सिस्टिम टाकायची ते निवडायची वेळ आली तवा मी म्हणले, "बाबा, डेबियन टाक. फुकट हाय, अन् आपल्या अभ्यासिकेतली अक्षरा नांदेडला तेच शिकून आली."

त्यानं नाक मुरडलं. "शिवगंगाताई, फ्रीबीएसडी टाकतो. तीबी फुकटच. लई पक्की."

पक्की होतीच, खोटं कशाला बोलू? पण बारीकसारीक काही अडलं की धम्मदीपलाच हाक. पासवर्डबी त्याच्याच डोक्यात. मागितला की हसायचा, "मी हाय की!"

खंडेनवमीला तो आईला घेऊन नागपूरला गेला. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं होतं. इकडं मी रीतीप्रमाणं यंत्राची पूजा करावी म्हणून बटन दाबून मशीन बंद केली. हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. पुन्हा चालू केली तर काळ्या पडद्यावर काहीबाही विचारून अडून बसली. धम्मदीपला फोन लागेना. अक्षरानं लई डोकं लावलं. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणली, "ताई, डेबियन असती तं निस्तरलं असतं मी. हे मला येत न्हाई."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पोलीस भरतीची लेखी होती. ती देणारी अयोध्या आदल्या सांजंला सोयाबीन काढून तशीच उजळणीला आली होती. बसली, वाट पाहिली, उठून गेली.

धम्मदीप परत आला तवा पेपर होऊन गेला होता. त्यानं दोन कमांड मारल्या अन् मशीन उठली. "बघा, काहीच झालं नव्हतं!" म्हणत वळला, तर दारात अयोध्या.

"कसा गेला गं पेपर?"

"तुमच्या मशीनमधलंच लई आलं होतं, दादा. मला आठवलं न्हाई."

ती गेल्यावर तो खाली मान घालून बसला. मी भांडायच्याच बेतात होते, पण त्याचं तोंड बघवेना.

"ताई, सिस्टिममध्ये काही खोट न्हाई. इथं दुसऱ्या कोणाला येत न्हाई म्हून टाकली म्या. मलाच बोलवावं म्हून. लाज वाटून राहिली, ताई."

रविवारी अक्षरा डेबियन टाकायला बसली. तो शेजारी उभा राहून विचारलं तेवढंच सांगत होता.

"दादा, पासवर्ड काय ठिवू?"

तो झटक्यात पाठ फिरवून दाराबाहेर गेला. "तू ठरव. अयोध्यालाबी सांग. मला सांगू नको."