हिराचं बारावं पुस्तक

दुपारी शेजारच्यांकडे फोन आला. पलीकडून धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, हिरा गेली..." आणि माझ्या मनात पहिलं काय आलं तेच आधी लिहिते, कारण माणूस मेलं की त्याच्याबद्दल आणि आपल्याबद्दल गोडगोड लिहायचं, हे मला जमत नाही. मनात आलं, म्हणजे आता ती मला कधीच माफ करणार नाही. भाऊ एकटा पडला, भाचीची आई गेली, हे सगळं मागाहून सुचलं. आधी स्वतःचंच! आज दीड महिना झाला. भेटेल तो म्हणतो, लिहा तिच्यावर, तुम्ही घरातल्या. घरातली होते म्हणूनच तर मला ते करता आलं.

हिरा माझी भावजय. माहेर पेणच्या खाडीकडचं, मिठागरात राबणाऱ्या माणसांचं. चौथीपर्यंत शाळा, पुढे आईच्या मागून डोक्यावर मिठाची टोपली. आमचं घर नदीअलीकडच्या अष्टमी गावात. मी पूल ओलांडून रोह्याच्या शाळेत शिकवायला जायची. लग्न केलं नाही, त्यामुळे भावाच्या संसारात माझा शब्द शेवटचा. तिचं 'नाय' आणि 'व्हय' मी पहिल्या दिवसापासून सुधारायला घेतलं. "नाही म्हण, नाही!" ती मान खाली घालून "नाही, वन्सं" म्हणायची आणि आत जाऊन भांडी घासताना मोकळेपणी 'नाय नाय' करायची. वाचायची मात्र हावऱ्यासारखी. वाण्याकडची पुडीसुद्धा डाळ डब्यात ओतून झाली की उलगडून, सुरकुत्या काढून, उलटसुलट वाचायची. मला त्याचाही राग यायचा. कशाचा, ते आता कळतं... वाचणं ही त्या घरात माझी एकटीची मिरास होती.

गावातल्या वाचनालयाची चिटणीस मीच. एका जानेवारीत मी 'वाचनाचा पण' काढला. वर्षभरात बारा पुस्तकं, सगळी कथा-कादंबऱ्यांची, पण दर महिन्याला वेगळी जात. रहस्यकथा, भयकथा, विनोदी, ऐतिहासिक, अनुवादित, विज्ञानकथा, असं. नुसतं वाचून भागायचं नाही, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सभासदांपुढे उभं राहून पुस्तक सांगायचं. बारा पुरी करील त्याचं नाव दारासमोरच्या फळ्यावर रंगाने लिहायचं. सतरा जणांनी नावं दिली, त्यांत हिरा. "माझं नाव खरंच लिवतील, वन्सं? रंगानं?" तिने दोनदा विचारलं. मी म्हटलं, "आधी वाचून तर दाखव."

तिने वाचून दाखवलं. गोष्ट सांगणं म्हणजे काय, तर तिला ठाऊक होत्या श्रावणातल्या कहाण्या, हातात तांदूळ घेऊन ऐकायच्या. तेव्हा रहस्यकथासुद्धा ती तशीच सांगायची, हात जोडून, आणि खुनी पकडला गेला की म्हणायची, "सुफळ संपूर्ण!" लोक हसून हसून बेजार. भयकथेच्या वेळी म्हणाली, "भूत बिचारं उपाशी हाय. कोणी पानावर बसवलं असतं तर गेलं असतं आपल्या वाटेनं." विज्ञानकथा सांगताना अडलीच. "चांदावर पाणी नाय म्हंतात. मग ती माणसं भात कशात शिजवतात, ते लिवलंच नाय." आधी माणसं तिला हसायला येत होती. पावसाळा संपता संपता ऐकायला यायला लागली. माझ्या व्याख्यानाला आठ टाळकी जमायची, तिच्या शनिवारी चाळीस. सतरातले सोळा गळाले, ही चिवट एकटी उरली. मला ते बघवेना. कशाला खोटं बोलू?

बारावं पुस्तक कौटुंबिक कादंबरी. ते मी निवडून दिलं. त्या प्रतीची शेवटची सोळा पानं गळून गेलेली होती, बाइंडिंगला टाकायच्या गठ्ठ्यातून मी ती मुद्दाम काढली. हिशेब सरळ होता. ती येईल, म्हणेल पानं नाहीत. मी म्हणेन, मग पुस्तक पुरं झालं नाही, पणही नाही. महिनाभर ती काही बोलली नाही. शनिवारी उभी राहिली आणि सासरच्यांनी छळलेल्या त्या नायिकेची गोष्ट तिने सांगितली. शेवटाला म्हणाली, "सासरचे आले पाया पडत. पन तिनं कोनाला माफ केलं नाय. पोरीचा हात धरला आन् गेली. आन् तिचं काय वाईट झालं नाय. सुफळ संपूर्ण." बायका डोळे पुसत होत्या. मी उठले, पुस्तक मागून घेतलं, शेवटचं पान उघडून सगळ्यांना दाखवलं. "वाक्य अर्ध्यावर तुटलंय, बघा. वाचलेलं सांगायचं असतं, रचलेलं नाही. याला खोटारडेपणा म्हणतात!" मग मागून कोणीतरी खिदळलं, आणि सगळेच. भाऊ समोर बसला होता, तो चपला शोधायला लागला. हिरा एवढंच म्हणाली, "कहाणी अर्धी सोडली तर ऐकनाऱ्याला दोष लागतो, वन्सं. आमच्यात कोनी सोडत नाय." त्यावर लोक आणखी हसले. मीही हसले.

त्यानंतर ती वाचनालयाची पायरी चढली नाही. वाण्याच्या पुड्या उघडल्या की कागद थेट चुलीत जायचे. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं... ताटावर बसले की विचारायची, "वाढू, वन्सं?" शुद्ध, स्वच्छ, मी शिकवलेलं बोलायची, एक 'नाय' म्हणून तोंडातून यायचं नाही. असं दोन वर्षं. मग भावाला डोलवीच्या कंपनीत काम लागलं, त्यांनी पेणला बिऱ्हाड केलं आणि मी रिकाम्या घरात सुटकेचा निःश्वास टाकला. त्या कादंबरीची धड प्रत पुढे वाचनालयात आली तेव्हा शेवटची सोळा पानं मी उभ्याउभ्याच वाचली. कुठे हिराचा शेवट आणि कुठे ते मिळमिळीत! पण हे तिला जाऊन सांगावं, एवढी अक्कल मला सुचली नाही.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. मी एस.टी.ने पेणला गेले. खाटेवर ती मुठीएवढी राहिली होती. भाची चहा टाकायला आत गेली तेव्हा मी हिराचा हात धरला आणि येताना वाटेत पाठ केलेलं बोलले.

"हिरा, त्या बाराव्या पुस्तकाची पुरी प्रत मिळाली गं मला. तू सांगितलास तस्साच शेवट आहे. माझंच चुकलं. मला माफ कर."

खोटं बोलले. तिला बरं वाटावं म्हणून, असं मनाशी म्हणत होते. खरं तर माफी लवकर मिळावी म्हणून. जिला चाळीस माणसांत खोटारडी म्हटलं, तिच्याच उशाशी बसून.

तिने हात सोडवून घेतला. "ते पुस्तक पेणच्या वाचनालयात हाय, वन्सं. हितं आल्यावर पयलं तेच आनलं. शेवटच्या पानावर ती समद्यांना माफ करते. जवळ घेते सासूला, नणंदेला."

किती तरी वर्षांनी तिचं ते बोलणं ऐकत होते. मला रडू फुटलं. मी म्हटलं, "मग... तू?"

"मी काय पुस्तकातली हाय?" ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.