नागिणीची गोळी

मखमलाबादच्या कुसाबाई पिंगळे पंचवटीच्या फूलबाजारात झेंडू आणि शेवंती विकायला बसत. आवाज खणखणीत, भावात कुणाला ऐकायच्या नाहीत. गेल्या दिवाळीनंतर त्या गप्प गप्प झाल्या. पहाटे जाग येई, पण अंथरूण सोडवत नसे. फुलं उशिरा खुडली जात, बाजारात उशिरा पोचत. ताट पुढ्यात घेऊन त्या नुसत्या बसून राहत. घरात कुणी गेलं नव्हतं, भांडण नव्हतं, पीकही बरं होतं. त्यामुळे कुणी विचारलं तर काय सांगावं, हे त्यांनाच कळत नसे. थकले, एवढंच म्हणत. वय झालं, असं घरचे धरून चालले.

उन्हाळ्यात त्यांचे यजमान मोतीराम यांना नागीण झाली. छातीच्या डाव्या बाजूचे फोड सुकले, पण आग तशीच राहिली. सदरा नुसता टेकला तरी कळ जाई, म्हणून ते उघड्या अंगानेच ओट्यावर बसत. नाक्यावरच्या डॉक्टर मोहिनीताईंनी आधी हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून पाहिली आणि ॲमिट्रिप्टिलीनची छोटी गोळी संध्याकाळी घ्यायला दिली. तोंडाला कोरड पडायची, सकाळी गुंगी वाटायची. तरी हळूहळू सदरा अंगावर सोसू लागला.

मुलगा जीवन आणि सून प्रतिभा इंदिरानगरला राहतात. रविवारी ती दोघं आली असताना प्रतिभाने गोळीचं नाव मोबाइलवर शोधलं. ही डिप्रेशनची गोळी असल्याचं तिने जीवनला बाजूला घेऊन सांगितलं. जीवन घाबरला आणि रजा टाकून मळ्यातच राहिला. वडील विहिरीकडे निघाले की हा मागे. फवारणीची औषधं कुलपात गेली. कारण कळल्यावर मोतीराम संतापले.

"मला येडा ठरवता का?" म्हणाले, आणि गोळी बंद केली.

काही दिवसांतच आग परत आली. कुसाबाईच त्यांना पुन्हा दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी मोतीरामांना नीट समजावलं. गोळी मुळात उदासीवर निघाली हे खरं, पण नागिणीने दुखावलेल्या नसा मेंदूकडे दुखण्याचे जे निरोप पाठवत राहतात, तेही ती दाबते. त्यासाठी अगदी कमी मात्रा पुरते. आणि कुठलीही अशी गोळी मनाने एकदम सोडायची नाही. मोतीरामांचं समाधान झालं. ते उठले, पण कुसाबाई उठल्या नाहीत.

"ज्याला कुठंच दुखत नाय, त्याला चालती का ही गोळी?"

"कुणाला मावशी?"

"मला."

मोतीराम परत खाली बसले. डॉक्टरांनी झोपेचं, भुकेचं विचारलं. मग जीव नकोसा होतो का, तेही सरळच विचारलं.

"मरावं असं नाय वाटत," कुसाबाई म्हणाल्या. "पण उठावं असंबी वाटत नाय."

रक्ताच्या तपासणीत थायरॉइड ठीक निघालं. डॉक्टरांनी त्यांना वेगळी गोळी दिली, एस्सिटालोप्राम. मेंदूतल्या पेशी निरोपासाठी जे रसायन सोडतात, ते ही गोळी लगेच परत शोषू देत नाही. गुण मात्र सावकाश येतो, काही आठवडे थांबावं लागतं, असं त्यांनी बजावलं. सुरुवातीला नुसती मळमळच सुरू झाली. कुसाबाईंनी गोळी टाकून द्यायचं म्हटलं, तेव्हा मोतीराम पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभे राहिले.

गुण कधी आला ते कुणाला नेमकं सांगता येत नाही. श्रावणात एकदा कुसाबाईंनी प्रतिभाला फोन करून आमटी खारट का केली होतीस, असं विचारलं. ती आमटी महिन्यापूर्वीची होती. जीवन त्या दिवशी बराच वेळ हसत होता. नंतर म्हणाला, "मी भलत्याच माणसाच्या मागं फिरत होतो."

दसऱ्याला कुसाबाई बाजारात होत्या. अजूनही एखादी सकाळ जड जाते. मोतीरामांची गोळी डॉक्टरांनी कमी करत बंद केली. आता माझीही थांबवा, असं कुसाबाई म्हणाल्या, तर बरं वाटलं तरी अजून काही महिने घ्यायची आहे, असं उत्तर मिळालं. त्या कुरकुरल्या, पण औषध घेतलं. दवाखान्यातून परत येताना दोघांनी नाक्यावर मिसळ खाल्ली. कुसाबाईंनी रस्सा पुन्हा मागून घेतला.