आबांसाठी घेतलेला टीव्ही

त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात शिरूर अनंतपाळला लाइट असायची तीही धड नसायची. एका दुपारी ती गेली आणि परत आली ती इतक्या जोरानं, की केरबांच्या घरातला जुना डब्याचा टीव्ही आणि त्याच बोर्डावर लावलेला पंचशीलेचा मॉनिटर एकदमच जळाले. खोलीभर जळका वास सुटला. कॉम्प्युटरचा डबा दुसऱ्या बोर्डावर होता म्हणून तेवढा वाचला.

पंचशीलेचं पोट त्या मॉनिटरवर होतं. नवऱ्याघरी नांदणं जमलं नाही म्हणून ती माहेरी परतली, त्याला बरीच वर्षं झाली होती. नांदेडचा एक प्रकाशक शाळेच्या गाइडांचा मजकूर एसटीनं पाठवायचा आणि ती घरी बसून टाइप करायची. टीव्ही होता तो वडिलांचा, केरबांचा. ती त्यांना आबा म्हणायची. लातूर उस्मानाबादेतून फुटून नवा जिल्हा झाला, तेव्हा केरबा तिथल्या नव्या कचेरीत शिपाई म्हणून लागले आणि रिटायर होईपर्यंत तिथंच राहिले. साहेबांची घंटी वाजली की उठायचं, या टेबलावरून त्या टेबलावर जायचं. सगळा जन्म उभ्यानं काढलेला माणूस. गावी येऊन त्यांनी दोन खोल्या बांधल्या, बायको गेली, आणि मग लकव्यानं त्यांची उजवी बाजू नेली, बोलणंही नेलं. डावा हात आणि 'आं' एवढा एक आवाज उरला. दिवसभर बाजेवर पडून ते टीव्ही बघायचे.

दोन्ही वस्तू एकदम घेणं जमण्यासारखं नव्हतं. शेजारच्या साखराबाईला आबांजवळ बसवून पंचशीला लातूरला नरसिंगच्या टीव्ही-कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. नरसिंग जुना ओळखीचा. त्यानं तिला दोन्ही शेजारी-शेजारी लावून दाखवले. टीव्हीलाही वायर लावली की कॉम्प्युटर दिसतो, पण अक्षरं कडेला फुटल्यासारखी दिसतात, हे त्यानं लपवलं नाही.

"ताई, टीव्ही ही लांबून बघायची वस्तू हाय अन् मॉनिटर जवळून. तुमचं काम जवळचं हाय. मॉनिटर न्या."

"मॉनिटरवर आबाला बातम्या दिसतील का?"

दिसतील, तो म्हणाला, पण त्याला चॅनलसाठी वेगळा डबा आणि वेगळा स्पीकर लागेल, आणि एवढासा पडदा बाजेवरून काय दिसणार. लकव्यापासून आबांच्या एका डोळ्याची नजरही मंदावली होती. पंचशीला बराच वेळ त्या दोन पडद्यांपुढं उभी राहिली. मॉनिटरवरची अक्षरं कशी कोरल्यासारखी होती. तरी तिनं टीव्हीच बांधून घेतला. एकात दोघांचं भागेल, असं तिनं येताना जीपमध्ये स्वतःला समजावलं.

टीव्ही बाजेच्या पायथ्याशी टेबलावर बसला. टेबलाखाली पाण्याचा रांजण होता. काम नसेल तेव्हा आबांच्या बातम्या, काम असेल तेव्हा तिची अक्षरं. पहिले काही दिवस बरे गेले. ती टाइप करायची आणि आबा पडल्या पडल्या ओठ हलवत वाचायचे. पाचवीचा धडा संपला की 'आं' करून दाद द्यायचे, आणि तिला हसू यायचं.

मग डोकं दुखायला लागलं. दुपारपर्यंत डोळ्यांतून पाणी यायचं. वेलांटी पहिली की दुसरी ते कळेना. चुका वाढल्या. प्रकाशकाचा फोन आला, आवाज चढलेला नव्हता, पण काम दुसरीकडं द्यावं लागेल असं त्यानं सांगितलं. तेव्हापासून ती पडद्याला नाक लावून बसू लागली, आबांकडं पाठ करून. एकच पान तीन-तीनदा वाचायची. आबांच्या बातम्या मागं पडत गेल्या.

मधूनच आबा 'आं' करून डावा हात उचलायचे, टेबलाकडं. तिला वाटायचं टीव्ही मागतात.

"थांबा आबा, एवढं पान होऊ द्या," ती मागं न बघता म्हणायची. हात खाली जायचा. पान झालं की ती वायर बदलून बातम्या लावायची आणि घागरी घेऊन टँकरकडं पळायची. बातम्यांत रोज लातूरची पाण्याची रेल्वे, रोज घागरींच्या रांगा. सकाळ-संध्याकाळ ती चमच्यानं पाणी पाजायची. दोन चमच्यांनंतर आबा तोंड मिटून घ्यायचे. पोट भरलं असेल, असं ती समजायची.

एक दिवस साखराबाई भाकरी द्यायला आली आणि आबांजवळ वाकली. त्यांची जीभ तिनं बघितली, हाताचं कातडं चिमटीत धरून बघितलं.

"पंचे, ह्ये सुकून राह्यलेत की. पाणी देतीस का न्हाई?"

"देते की मावशे. घेत न्हाईत."

जीप करून त्यांना लातूरच्या दवाखान्यात नेलं. अंगात बरेच दिवस पुरेसं पाणी गेलेलं नाही, डॉक्टर म्हणाले. किडन्या बसल्या होत्या. सलाइन लावली तरी उपयोग झाला नाही. तिसऱ्या सकाळी आबा गेले. जाण्याआधी त्यांनी तिच्याकडं पाहिलं, पण हात उचलला नाही.

गावातल्या बुद्धविहाराजवळच्या माणसांनी सगळं नीट पार पाडलं. वंदना झाली, लोक पांगले. मग एकटी बसलेली पंचशीला पहिल्यांदा आबांच्या बाजेवर आडवी झाली आणि तिनं टेबलाकडं पाहिलं. टीव्ही आणि रांजण एका रेषेत होते. इथून हात उचलला तर तो दोन्हींकडं जात होता.

"मावशे, ते पाणी मागत होते का गं?" साखराबाई भाकरी घेऊन आली तेव्हा तिनं विचारलं.

साखराबाईनं भाकरी खाली ठेवली. "मागतही असतील," ती म्हणाली. "न्हाईतर तुझ्या पाण्याच्या खेपा बघून तोंड मिटत असतील. रोज ते तेच तर बघत होते. आता कुणाला कळणार, बाई?"

पंचशीलेलाही ते कळलं नाही, पुढं कधीच नाही. टीव्हीपुढं बसणं मात्र तिला जमेना. तो कापडात गुंडाळून तिनं नरसिंगकडं नेला. आबा गेल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. त्यानं टीव्ही ठेवून घेतला आणि त्याच्या बदल्यात मॉनिटर तपासून दिला.

अक्षरं पुन्हा कोरल्यासारखी दिसू लागली. महिन्याभरानं प्रकाशकाचा फोन आला. यावेळी एकही चूक निघाली नाही म्हणाला, नवं मशीन घेतलं का?

"न्हाई," पंचशीला म्हणाली, "पडदा बदलला." आणि पुढचा धडा कधी पाठवताय, एवढं विचारून तिनं फोन ठेवला. बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. तिनं घागर उचलली आणि साखराबाईच्या मागं जाऊन उभी राहिली.