दवाखान्यातला ‘ए’

आता माझी बदली सौसरला झाली आहे, तरी पांढुर्ण्याच्या ढोरांच्या दवाखान्याची आठवण निघाली की माझं डोकं फिरतं. पांढुर्णा जिल्हा झाला, फाटकावर नवी पाटी लागली, पण आत हाक मारायची रीत तीच राहिली. मोठ्या डॉक्टरांना साहेब. मला, नवीन डॉक्टरला, मॅडम. आणि आमच्या ड्रेसरला ‘ए’.

हा ड्रेसर माझ्या वडिलांच्या वयाचा. पट्टी बांधण्यापासून अडलेलं वासरू ओढून काढण्यापर्यंत सगळं त्याच्या हातून व्हायचं, पण ‘ए, पाणी आण’, ‘ए, शेपटी धर’ यापलीकडं दवाखान्यात कुणी त्याच्याशी बोलत नसे. गावचे लोक मात्र त्याला डॉक्टरभाऊ म्हणत. ते साहेबांना फार झोंबायचं.

संत्र्यांच्या तोडीचे दिवस होते. दुपारी सावरगावच्या एका बाईनं छोट्या गाडीत घालून गाय आणली. पोट डाव्या बाजूनं टम्म फुगलेलं, तोंडातून लाळेची धार. गायीचं पंधरा दिवसांचं वासरू घरी बांधलेलं होतं, म्हणून बाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. गाय उतरवता उतरवता ड्रेसरनं तिच्या गळ्यावरून हात फिरवला.

“डॉक्टरभाऊ, पाहा ना, हिले काय झालं,” बाई म्हणाली.

तेवढ्यात साहेब बाहेर आले.

“इथं डॉक्टर कोण आहे? ए, गेटापाशी जाऊन उभा राय. जास्त डॉक्टर बनू नको.”

तो गेला. साहेबांनी गायीला हातसुद्धा न लावता पोटफुगी ठरवली आणि मला बाटलीनं तेल पाजायला सांगितलं. गाय गिळत नव्हती. तेल नाकातून परत येत होतं.

“साहेब...” मी म्हणाले. त्यांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं आणि मी गप्प झाले. उरलेली बाटलीही रिकामी केली. तेल फुप्फुसात गेलं. गाय खोकली, गुडघ्यांवर बसली आणि थोड्या वेळानं संपली.

बाईनं गायीच्या गळ्यातलं दावं सोडून हातात घेतलं. “आणायले उशीर केला तुम्ही,” साहेब तिला म्हणाले, हात धुतले आणि चहा मागवला. त्या चहाचा मला आजही संताप येतो.

ड्रेसर गेटापाशी तसाच उभा होता.

“गळ्यात गोळा लागत होता, मॅडम,” तो हळूच म्हणाला. “संत्रं अडकलं होतं. तोंडात हात घालून निघालं असतं.”

माझा सगळा राग त्याच्यावरच निघाला. “मग सांगितलं का नाही? समोर जीव चालला होता आणि तुम्ही नुसते पाहत उभे राहिलात?”



“आता ‘तुम्ही’ म्हणून राहिल्या,” तो म्हणाला. “सकाळी म्हटलं होतं, ‘ए, मधात बोलू नको.’”

खरं होतं. सकाळी एका म्हशीवाल्यानं मला सोडून त्याला औषध विचारलं होतं, तेव्हा सगळ्यांसमोर मीच त्याला तसं सुनावलं होतं.